श्वसनदर आधी नीट मोजा
हाय-फ्लोवरच्या, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन दिल्या जाणाऱ्या रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालावी लागेल का, हे संगणकावरचं मॉडेल आधीच सांगेल, असं एका लेखात म्हटलंय. सांगेल हो, पण आपल्या इंदुरातल्या वॉर्डात त्याला आकडे कुठले मिळणार? चार्टवर श्वसनदर अनेकदा न मोजताच '२०' ठोकलेला असतो. नळी लागण्याचा धोका जोखणारा रॉक्स निर्देशांक म्हणजे एसपीओटूला (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) एफआयओटूने (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा अंश) भागायचं, मग श्वसनदराने (मिनिटाला किती श्वास). ९२, ०.६ आणि ३६ घेतले तर येतो ४.२६, म्हणजे ४.८८ या सीमेच्या खाली, धोक्याकडे. ३६ च्या जागी २० लिहा, ७.६७! रुग्ण कागदावर ठणठणीत. पूर्ण एक मिनिट छाती बघून मोजा. शिवाय नळी घालायचा निर्णय डॉक्टरांचा; आयसीयूत खाट नसली की तो लांबतो, आणि मॉडेल आजाराऐवजी ही सवयच शिकतं.