'आरिगातो' पोर्तुगिजांनी दिलेला नाही

'जपानी लोकांकडे आभार मानायला शब्दच नव्हता. १५४३ साली पोर्तुगीज आले, त्यांचं "ओब्रिगादो" ऐकून जपान्यांनी "आरिगातो" केलं.' हा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो.

साल बरोबर आहे, १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. पण त्याआधी साडेपाचशे वर्षं, सन १०००च्या सुमारास, सेई शोनागोन या दरबारी बाईंनी 'आरिगाताकी मोनो' म्हणजे दुर्मिळ गोष्टींची यादी लिहून ठेवली होती. त्यात सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे, सासूची लाडकी सून आहे, शिवाय केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा. (सून तिथेही!) 'आरि' म्हणजे असणं, 'काताशी' म्हणजे कठीण. सहजी न मिळणारं म्हणून मोलाचं, आणि त्यातूनच पुढे आभार. बाई हे लिहीत होत्या तेव्हा पोर्तुगाल हे स्वतंत्र राज्यसुद्धा झालेलं नव्हतं.

'पण शेवटचा "ओ" जुळतो ना?' तो 'आरिगाताकु'मधला 'क' गळून, उरलेले 'अ-उ' मिसळून झालेला दीर्घ 'ओ' आहे. 'हायाकु', म्हणजे लवकर, यापासून सकाळचं 'ओहायो' असंच बनलं. त्याला कुठला पोर्तुगीज बाप शोधणार? उलट पोर्तुगीज 'ओ' हा पुल्लिंगी प्रत्यय. बाई 'ओब्रिगादा' म्हणते.

मुळात 'ओब्रिगादो' लॅटिन 'ओब्लिगारे'वरून आला, म्हणजे बांधणं. मी तुमच्या उपकारांनी बांधला गेलो, असा त्याचा भाव. स्पॅनिशमध्ये त्याच मुळाचा 'ओब्लिगादो' आज मुख्यतः 'भाग पाडलेला' या अर्थी चालतो, आभाराला 'ग्रासियास'. पोर्तुगीजमध्ये सक्तीचा अर्थही शिल्लक आहेच.

पोर्तुगीज शब्द जपानीत गेलेच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. 'पान' (पाव), 'बोतान' (बटण), 'काप्पा' (पावसाळी अंगरखा) हे त्यांचेच. नव्या वस्तू आल्या, सोबत त्यांची नावं आली. जपानी 'पान' आणि आपला पाव दोन्ही पोर्तुगीज 'पांव'मधून, तो लॅटिन 'पानिस'वरून. (पायाने मळतात म्हणून पाव, ही आणखी एक फिरती थाप.) चावी आणि पगारही आपण त्यांच्याकडूनच घेतले. पण शेजारी राहून आभाराचा शब्द बदलतोच असं नाही: गोव्यात पोर्तुगिजांनी ४५१ वर्षं राज्य केलं, आणि कोकणी माणूस आजही 'देव बरें करूं' म्हणतो.