पोट्ट्याचा हात माउसला लागला की शिकवणी संपली

रविवारी सकाळी नागपुरात शंकरनगर चौकाजवळच्या कट्ट्यावर तर्री-पोह्याच्या प्लेटा रिकाम्या होत आल्या अन् वाद पेटला. विद्यार्थ्यांनी मास्तरांना स्मार्ट बोर्ड शिकवावा की नाही? भांडणारे तिघं. एक झेडपीच्या शाळेतले मास्तर, दुसरा शाळांमध्ये प्रोजेक्टर अन् पॅनल, म्हणजे मोठ्या टीव्हीसारखे स्पर्शाचे बोर्ड, बसवणारा मेकॅनिक अन् तिसरी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी ताई.

"नववीच्या पोट्ट्यांना सगळं येते," मास्तर म्हणाले. "बोलवा, दोन मिनिटांत काम होते."

"काम होते, पण मास्तर कुठं शिकते?" ताई म्हणाली. "पोट्टा येते, टकाटक चार बटणं दाबते अन् जाते. उद्या पुन्हा बोलवा. शिकवायचं तर पोट्ट्याचे हात पाठीमागे, माउस मास्तरांच्या हातात. पोट्ट्यानं फक्त तोंडानं सांगायचं."

मेकॅनिकला तेवढ्यानं समाधान नव्हतं. "पोट्ट्याला बटण माहीत असते, कारण नाही. चित्र दिसून राहिलं पण बोर्डावर बोट चालत नाही, तर तो कॉम्प्युटर बंद-चालू करत बसते. अरे, एचडीएमआयच्या वायरमधून चित्र अन् आवाज जाते. बोटाचा स्पर्श यूएसबीच्या वेगळ्या वायरनं येते. ती निघाली असते, नाही तर लांब पडली असते. साधी यूएसबी २.० वायर पाच मीटरपर्यंतच. टेबल मागं नेलं अन् साध्या वायरला साधी वायर जोडली, की स्पर्श येते-जाते. तिथं सिग्नलला जोर देणारी ॲक्टिव्ह केबलच लागते."

"अन् बोट एकीकडे, रेघ भलतीकडे?" मास्तरांनी विचारलं.

"प्रोजेक्टरवाला बोर्ड असेल तर प्रोजेक्टर हलला. कॅलिब्रेशन करा, म्हणजे बोट अन् रेघ पुन्हा जुळवा. फुल्या येतात, प्रत्येकीच्या मधोमध पेन टेकवायचा, घाई नाही करायची. पॅनलवर आपोआप ठिपके उमटत असतील तर चौकट पाहा. बहुतेक पॅनलच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरणं आडवी-उभी जातात. खडूची भुकटी बसली, सदऱ्याची बाही नाही तर ओढणी आड आली, तरी पॅनलला ते बोटच वाटते. कोरड्या मऊ कपड्यानं चौकटीची आतली कड पुसायची. पाणी मारू नका, बाप्पा!"

आवाजाचं प्रकरण ताईनं पटकन निपटवलं. एचडीएमआय जोडली की विंडोज आवाजही बरेचदा प्रोजेक्टरकडे पाठवते, अन् त्याचा स्पीकर असतो नावापुरता. खाली उजवीकडे स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून लॅपटॉपचा नाही तर बाहेरचा स्पीकर निवडायचा. पडदा कोरा असेल तर विंडोजचं बटण दाबून पी, मग 'डुप्लिकेट'. 'एक्स्टेंड' राहिलं असेल तर मास्तरांना धडा लॅपटॉपवर दिसते अन् पोरांना नुसतं वॉलपेपर.

"हे सगळं वर्गासमोर शिकायचं म्हणजे इज्जतीचा फालुदा," मास्तर खरं तेच बोलले.

"वर्गासमोर कोण म्हणते?" ताई म्हणाली. "मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात, वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियामध्ये १९९६ पासून असा कार्यक्रम चालला. एका शिक्षकासोबत विद्यार्थी, अन् काम त्या शिक्षकाच्याच धड्याचं. तुमचा पुढच्या आठवड्याचा धडा घ्या. उगाच 'कॉम्प्युटरची ओळख' नको."

मास्तरांनी लगेच धड्याचीच अडचण काढली. घरी केलेल्या स्लाइड शाळेत उघडल्या की 'भारत'च्या जागी एच-के-के-जे-आर अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. ही कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टची करामत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली आहेत. शाळेच्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडते. घरून पीडीएफ करून आणा, नाही तर सरळ युनिकोडमध्ये टाइप करा, त्यात मराठी अक्षर मराठीच राहते. हे नववीच्या पोट्ट्याला ठाऊक नसते, कारण त्यानं कृतिदेव पाहिलेलाच नसते. म्हणजे शिकवणी दोन्हीकडून चालली पाहिजे, हा ताईचा मुद्दा मेकॅनिकलाही पटला.

पासवर्डवर मात्र तिघांचं एकमत. पोट्टा कितीही गुणाचा असो, मास्तरांचा मेल, ओटीपी अन् गुणांची शीट त्याच्या हाती नाही. पॅनलवर स्वतःचं खातं उघडू नये. उघडलंच तर खासगी विंडोत, अन् तास संपला की लॉगआउट.

"प्रोजेक्टर बंद करायलाही शिकवा," मेकॅनिकचं संपलं नव्हतं. "दिव्यावाला असेल तर रिमोटनं बंद करून पंखा थांबेपर्यंत थांबायचं. घंटा झाली की भिंतीवरचं बटणच पाडतात, दिवा तापलेलाच राहते. अन् आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी. उन्हाळाभर धूळ बसलेली जाळी ब्रशनं झाडल्याशिवाय चालू करायचा नाही. हवा अडली की गरम होऊन मधेच बंद पडते, मग म्हणतात पोट्ट्यानं बिघडवला."

"रिमोटनं बंद करायचं ठीक आहे," मास्तर प्लेट ठेवत म्हणाले, "पण रिमोट असते कपाटात, किल्ली असते हेडमास्तरकडे अन् हेडमास्तर असते मीटिंगमध्ये."