सहा पासवर निकाल लावणाऱ्यांनो

बुधवारी, २७ ऑगस्ट २०२५ ला, गणपती बसणार. मंडळाच्या ग्रुपवर उकडीचे मोदक कोण किती करणार याची यादी चालली होती, तेवढ्यात कुणीतरी आमच्या फुटबॉल टीमच्या नव्या क्वार्टरबॅकचं, शेड्युर सँडर्सचं, मीम टाकलं आणि सगळे मोदक सोडून तुटून पडले. "वाया गेला." "बापाच्या नावावर आलाय." "पाचव्या फेरीपर्यंत कुणी घेतला नाही ते उगाच नाही." आणि हीच मंडळी दोन आठवड्यांपूर्वी जुन्याजाणत्या क्वार्टरबॅकला, फ्लॅकोला, घरी बसवून ह्याला खेळवा म्हणत होती! तेव्हा मी गप्प बसले. आज नाही बसणार.

(भारतातल्या दोस्तांसाठी: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. तिचा खरा मोसम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी तीन सराव सामने होतात, तो प्रीसीझन; ते कुठल्याच हिशोबात धरत नाहीत. क्वार्टरबॅक पास टाकतो, रिसीव्हर झेलतो. नवे खेळाडू टीम फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात. शेड्युरचे वडील म्हणजे एकेकाळचा स्टार डीऑन सँडर्स. ब्राउन्स म्हणजे आमची क्लीव्हलंडची टीम. आमच्या दुःखाबद्दल विचारू नका.)

८ ऑगस्टला पँथर्सविरुद्ध शेड्युरचे २३ पैकी १४ पास लागले, १३८ यार्ड, २ टचडाउन (गोल समजा). आज रॅम्सविरुद्ध ६ पैकी ३, यार्ड १४, वर पाच सॅक, म्हणजे पाच वेळा पास टाकायच्या आतच आडवा पाडला. आकडे दोन्ही खरे आहेत. पोरगा पास कसा टाकतो हे त्यातल्या एकावरूनही कळत नाही.

गेल्या वर्षी लेकाच्या हायस्कूलच्या मॅचला गेले होते. त्यांच्या क्वार्टरबॅकने टाकलेला पास थेट मोकळ्या गवतावर पडला, जवळपास कुणी नाही. स्टँडमधून हुर्यो. माझ्या शेजारी एक रिटायर्ड कोच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पास बरोबर आहे. रिसीव्हरने आत वळायचं होतं, तो बाहेर वळला." तो बाहेर वळलेला रिसीव्हर म्हणजे आमचे चिरंजीव. कागदावर मात्र तो पास क्वार्टरबॅकच्याच नावे वाया गेला, आणि तिथे कायमचा तसाच राहणार.

तेव्हापासून मी बॉल कुठे पडला हे शेवटी बघते. रिसीव्हर वळायच्या आत बॉल हातातून सुटला का? पाय जागेवर होते, की घाबरून मागे सरकत टाकला? पहिला रिसीव्हर अडकल्यावर नजर दुसऱ्याकडे गेली का? आणि समोर कोण होतं? प्रीसीझनमध्ये डिफेन्स आपले डाव झाकून ठेवतो, साधंसुधं खेळतो. रॅम्स तर आपले मुख्य खेळाडू या मॅचेसमध्ये उतरवतच नाहीत. मैदानावरच्या निम्म्या पोरांना मंगळवारी नारळ मिळणार आहे. पँथर्सविरुद्धचे दोन्ही टचडाउन केडन डेव्हिसने पकडले. खरं सांगा, हे नाव त्याआधी किती जणांनी ऐकलं होतं?

क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड आठवतोय? २०२३, पहिली प्रीसीझन मॅच: ४ पास, २ लागले, १३ यार्ड, एक इंटरसेप्शन, म्हणजे पास थेट समोरच्यांच्या हातात. त्याच मोसमात ४,१०८ यार्ड टाकून ऑफेन्सचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा, झाला. उलट पेटन मॅनिंगचा १९९८ मधला प्रीसीझनचा पहिलाच पास टचडाउन, आणि खऱ्या मोसमात २८ इंटरसेप्शन. हो, २०१६ ला डॅक प्रेस्कॉट प्रीसीझनमध्ये चमकला आणि पुढेही चमकला, माहितेय. एखादा निघतोही तसा.

आता सॅक. इथे मला मान्य करावं लागतं, चूक त्याचीही आहे. बॉल धरून ठेवतो, मागे मागे पळतो. ही खोड जुनी आहे, कोलोरॅडोत दोन मोसमांत ९४ वेळा आडवा झालाय. पण आज त्याला वाचवायला पुढे उभी होती ती लाइन बघितलीत का? बदली खेळाडूंची! चार सेकंद कुणी उभंच राहू देत नसेल, तर पास दिसणार कुठून?

आणि मला खरा संताप आला तो शेवटच्या ड्राइव्हला, म्हणजे शेवटच्या चढाईला. घड्याळ संपत आलंय, मॅच लटकलेली आहे, रुकी दडपणाखाली पास कसा टाकतो हे बघायची याहून चांगली वेळ कुठली? तर त्याला बसवलं आणि दुसऱ्या क्वार्टरबॅकला, हंटलीला, पाठवलं. जिंकलो म्हणे १९-१७. प्रीसीझनची मॅच जिंकून काय मिळतं हो? जे बघायला हवं होतं तेवढंच बघायला मिळालं नाही, आणि लोक न बघितलेल्यावर निकाल लावून मोकळे.

तेवीस वर्षांचा आहे तो. आमच्या चिरंजीवांच्या क्वार्टरबॅकने त्या दिवशी हुर्यो ऐकून घेतली आणि कोण चुकीचं वळलं हे कुणालाच सांगितलं नाही, कोचलाही नाही. ते शेवटी माझ्या लेकानेच जाऊन सांगितलं. शेड्युरच्या टीममधलं कोण आज चुकीचं वळलं असेल ते तो काही माइकसमोर बोलणार नाही. बोलूही नये.

फ्लॅको सुरुवात करणार हे ठरलंय, करू दे. चाळिशीतला माणूस आहे, त्याला मोसमाच्या पहिल्या मॅचला बेंगल्सशी लढू दे. शेड्युरला पहिल्या फळीच्या लाइनमागे उभा करा, मग शिव्या द्यायला मीही येईन. तोवर ग्रुपवरच्या तज्ज्ञांनी मला एवढंच सांगावं: आजच्या त्या सहा पासांपैकी चुकीच्या जागी पडलेला नेमका कुठला? मॅचचा कुठला क्वार्टर आणि कितवा डाउन (प्रयत्न) ते लिहा खाली कमेंटमध्ये. मीम नको.