'पॉइंटर प्रिसिजन'विषयी खुलासा

विंडोजमधील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू ठेवल्यास प्रत्येक गेममध्ये नेम अचूक लागतो, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. नावामुळे गैरसमज होणे स्वाभाविक असले, तरी ही सोय म्हणजे माउसचे ॲक्सिलरेशन असून, हात जितका वेगाने फिरेल तितका माउस तेवढेच अंतर सरकूनही कर्सर अधिक पुढे जातो. ठरावीक अंतरावर ठेवलेल्या दोन पुस्तकांमध्ये माउस एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात सरकवून पाहिल्यास हा फरक कोणालाही दिसेल. शिवाय, मायक्रोसॉफ्टच्या विकसकांसाठीच्या माहितीनुसार 'रॉ इनपुट'वर, म्हणजे माउसकडून थेट येणाऱ्या हालचालीच्या मूळ माहितीवर, या सोयीचा परिणामच होत नाही, त्यामुळे ते वापरणाऱ्या गेममध्ये ती चालू असो वा बंद, नेम तोच राहतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.