म्हणे, उन्हाळ्यात होतंच!

आज सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मुलांना जुलाब? अहो, उन्हाळ्यात होतंच." त्यावर पटापट अंगठे. डोकंच फिरलं माझं. गेल्या मे महिन्यात शेजारची चिमुरडी सलाईनवर होती, तेव्हा तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन आम्ही कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता हेच ऐकवलं होतं.

आता व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन घ्या. १८५५ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक मंडळांना आरोग्य अधिकारी नेमणं भाग पडलं. लंडनच्याच इझलिंग्टन भागात एडवर्ड बॅलर्ड नावाचा डॉक्टर आला. या अधिकाऱ्यांचे अहवाल बघा: कुठल्या रोगाने किती गेले, कुठल्या वयाचे, आणि जोडीला तापमान, पाऊस. पगार देणाऱ्या मंडळात घरमालक बसलेले, आणि हे लोक त्यांनाच लिहून देणार की तुमचे संडास भरलेत, मोऱ्या फुटल्यात!

बॅलर्ड पुढे सरकारी सेवेत गेला. त्याचा १८८९ चा अहवाल सांगतो की जमिनीत चार फूट खोल पुरलेला थर्मामीटर ५६ अंश फॅरनहाइटला (साधारण १३ सेल्सियस) पोचेपर्यंत जुलाबाने बाळं दगावण्याचं उन्हाळी प्रमाण चढायला लागत नाही. वरची हवा कितीही तापो. 'उन्हाळ्यात होतंच' म्हणून त्यालाही फाइल मिटता आली असती. त्याने विचारलं, उन्हाळ्यात म्हणजे नेमकं कधी? कुठल्या जमिनीवर? घाण मुरलेल्या?

मान्य, जुलाबाचे जंतू जमिनीत वाढतात हा त्याचा तर्क पुढे टिकला नाही. आणि एवढं लिहूनही १८९९ साली इंग्लंड-वेल्समध्ये हजारी १६३ बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली, तेही मान्य. पण ती १६३ होती हे आज कळतं, कारण कुणीतरी मोजली!

त्या साहेबांना तरी किती बोलू? भर मे महिना, घरघरणारा पंखा, फायलींचा ढीग. त्यांच्याकडे आकडा मागायला वरून कुणी येत नसणार. पण निदान तारीख तरी लिहून घ्यायची हो! कुठलं चेंबर, किती घरं, पारा किती. समोर पेन होतं, त्याने ते कान खाजवत होते.

चिमुरडी आता ठणठणीत आहे, शाळेत जाते.

लंडनचे हे अहवाल तिथल्या वेलकम संग्रहाने (आरोग्याच्या इतिहासाचं ग्रंथालय-संग्रहालय) नेटवर फुकट ठेवलेत. आपल्या गल्लीत यंदा कुणाकडे आजारपण झालं असेल तर तारखेसकट खाली लिहा. जवळचं चेंबर कुठलं, तेही.