‘चिन्यांना फुकटचे डॉलर वाटले’ म्हणे! हेड टॅक्सवरच्या फॉरवर्डचा समाचार

ओंटारियोतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ‘कॅनडा सरकारने चिन्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर कसे वाटले, हे सत्य तुम्हाला कोणी सांगणार नाही’ अशी सुरुवात, खाली सहा मुद्दे, आणि शेवटी नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. विषय हेड टॅक्सचा: १८८५ ते १९२३ या काळात कॅनडात येणाऱ्या चिनी माणसांकडून घेतलेली डोईपट्टी, आणि तिची २००६ मध्ये दिलेली भरपाई. एरवी मी डिलीट मारून मोकळा झालो असतो. पण आमच्या दाजींनी तो थेट भाच्याच्या हातात दिला. पोरगं दहावीत आहे, आणि जुन्या भेदभावाची भरपाई आजच्या सरकारनं द्यावी का, यावर त्याला इतिहासाच्या वर्गात विरोधी बाजूनं बोलायचंय. त्यानं त्यातले चार मुद्दे जसेच्या तसे वहीत उतरवलेत. म्हणून हे लिहिणं भाग आलं.

‘हेड टॅक्स म्हणजे आपण भरतो तशी इमिग्रेशनची फीच. मग आपल्यालाही परत द्या!’

सगळ्यात जास्त अंगठे याच मुद्द्याला मिळालेत, आणि सगळ्यात अडाणी मुद्दाही हाच.

कॅनडियन पॅसिफिक रेल्वेसाठी ब्रिटिश कोलंबियातले डोंगर फोडायला, दऱ्यांत सुरुंग लावायला १५,००० हून जास्त चिनी मजूर आणले होते. गोऱ्या मजुरापेक्षा त्यांना रोजंदारी कमी, वर खाणंपिणं त्यांचं त्यांनी बघायचं. हे मजूर नसतील तर रेल्वेही होणार नाही, हे खुद्द पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी १८८२ साली संसदेत सांगितलं होतं. १८८५ च्या नोव्हेंबरात शेवटचा खिळा ठोकला गेला. त्याच वर्षी कायदा झाला: देशात येणाऱ्या चिनी माणसानं डोक्यामागे ५० डॉलर भरायचे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते याला. १९०० च्या कायद्यानं त्याचे १०० झाले, १९०३ च्या कायद्यानं ५००. त्या काळी ५०० डॉलर म्हणजे मजुराची साधारण दोन वर्षांची कमाई. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंगच्या खेड्यातला माणूस ती नातेवाइकांकडून कर्जाऊ घेऊन यायचा आणि पुढे धोबीकाम किंवा हॉटेलात भांडी घासून वर्षानुवर्षं फेडत राहायचा.

आणि हे फक्त चिन्यांना. इटालियन, युक्रेनियन, जर्मन, कुणालाच नाही. उलट युरोपातून शेतकरी यावेत म्हणून सरकार तिकडच्या दलालांना माणशी कमिशन देत होतं, आणि आलेल्याला १० डॉलर नोंदणीत १६० एकर जमीन. दाजी, आपण औरंगजेबाच्या जिझियाचं नाव काढलं तरी भडकता. माणूस कोणत्या जातकुळीचा आहे ते बघून डोईपट्टी बसवणं तुम्हाला तिथे कळतं, मग इथे ती ‘फी’ कशी काय होते?

त्या कराची पावती कशी असायची तेही सांगतो, कारण इंटरनेटवर तिचे फोटो सहज सापडतात. सी.आय. ५ नावाचा मोठा, नक्षीच्या कडेचा कागद. त्यावर माणसाचा फोटो डकवलेला, नाव, वय, गाव, बोटीचं नाव, आणि ५०० डॉलर भरल्याची नोंद. हा कागद जन्मभर जपायचा. शिवाय सरकारी नोंदवह्यांत प्रत्येकाची एक ओळ, आणि तीत अंगावरच्या खुणांचा वेगळा रकाना: कुठे व्रण, कुठे तीळ. या नोंदवह्या ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ऑनलाइन शोधता येतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं त्यातलं एक पान जरी उघडलं असतं तरी पुढचे पाच मुद्दे लिहायला त्याचा हात धजला नसता.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. १९९५ मध्ये सरकारनं कायम वास्तव्यासाठी माणशी ९७५ डॉलर लावले, तेव्हा ‘हा नवा हेड टॅक्स’ अशी ओरड झाली होती, आणि तिच्यात तथ्य होतं. गरीब देशातून येणाऱ्याला तो आकडा जड जातो. २००६ मध्ये ती रक्कम निम्म्यावर आणली. पण ती नागपूरकरालाही होती आणि लंडनकरालाही. शिवाय व्यापारी, विद्यार्थी, धर्मोपदेशक अशा काही चिन्यांना हेड टॅक्समधून सूट होती हेही खरं. म्हणजे त्याचा भार आला तो नेमका कष्टकऱ्यावर.

‘आज प्रत्येक चिन्याच्या खात्यात २०,००० डॉलर’

साफ खोटं. २००६ मध्ये पैसे मिळाले ते स्वतः कर भरून तोवर हयात असलेल्यांना, आणि भरणारा वारला असेल तर त्याच्या हयात जोडीदाराला. मुलांना नाही, नातवंडांना नाही. कर भरला होता सुमारे ८१,००० लोकांनी. भरपाई मिळालेले हजाराच्या आत. कालपरवा शांघायहून विद्यार्थी म्हणून आलेल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

‘आपल्या टॅक्समधून खैरात’

हिशेब करू. वसूल केले होते सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर, तेही शंभर वर्षांपूर्वीचे. परत दिले, घेणारे पुरते हजार धरले तरी, २ कोटी. व्याज सोडा, मुद्दलही पूर्ण परत गेलेलं नाही! याला खैरात म्हणायला जिगर लागते. ‘आम्ही तेव्हा इथे नव्हतो’ हे आपण म्हणू शकतो, सरकार नाही म्हणू शकत. चालतं दुकान विकत घेतलं की गल्ल्याबरोबर खातेवहीतली देणीही येतात. त्या रेल्वेवर उभ्या राहिलेल्या देशात आपण घर घेतलं, पोरं शिकवली. तेव्हा नाही कोणी म्हणालं की हे आमच्या आधीचं आहे, आम्हाला नको.

‘ते फक्त कमवायला आले. बायकामुलंसुद्धा आणली नाहीत’

हे वाचून खरोखर संताप आला. एका डोक्यामागे ५०० डॉलर असताना बायको कशी आणायची? १९११ च्या शिरगणतीत इथे १०० चिनी बायकांमागे अडीच हजारांवर पुरुष होते, ते काय हौस म्हणून? १९२३ मध्ये तर सरकारनं कर रद्द करून दारच बंद केलं. चिनी माणसाला जवळपास संपूर्ण प्रवेशबंदी, आणि ती लागू केली १ जुलैला, देशाच्या वाढदिवशी. पुढे कित्येक वर्षं चिनी वस्तीत त्या दिवशी दुकानं बंद ठेवून अपमानाचा दिवस पाळत. ही बंदी उठली १९४७ मध्ये.

शॅक जांग मॅक या गृहस्थाचं उदाहरण घ्या. १९२२ साली ५०० डॉलर भरून आले. पुढे गावी जाऊन लग्न केलं, पण बायकोला इथे आणायला १९५० उजाडलं. गावी जायचं तरी परवानगीचा कागद, आणि ठरल्या मुदतीत परत यायचं, नाहीतर भरलेले ५०० पाण्यात. आपल्याकडे स्पाउस व्हिसाला आठ महिने लागले की आपण खासदाराला ईमेल करतो.

‘कोर्टानेच दावा फेटाळला’

हो, फेटाळला. हा एकमेव मुद्दा ज्यात थोडा दम आहे. हेच मॅक आणि आणखी दोघे सरकारविरुद्ध कोर्टात गेले. ओंटारियोच्या कोर्टात २००१ मध्ये हरले, अपिलात २००२ मध्ये हरले, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. कर त्या काळच्या वैध कायद्यानं घेतला होता, आणि १९८२ ची हक्कांची सनद मागे जाऊन त्याला लागू करता येत नाही, असं एकंदर म्हणणं.

पण तक्रार तीच तर होती, की अन्याय कायद्यानं केला. चोरानं लुटलं असतं तर पोलिसांत गेले असते. संसदेनं केलेलं निस्तरायचं संसदेनंच, आणि तेच झालं. २२ जून २००६ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सभागृहात माफी मागितली. हार्पर म्हणजे पक्के कन्झर्व्हेटिव्ह, तिजोरीला हात लावताना दहादा विचार करणारे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे कायदेशीर देणं म्हणून नाही, हेच सभ्यपणाचं आहे म्हणून करतोय. फॉरवर्डला ‘डाव्यांचं लांगूलचालन’ म्हणायचंय, त्यानं ते भाषण काढून वाचावं. निवडणुकीत व्हँकुव्हर-टोरंटोच्या चिनी मतांवर त्यांचा डोळा होता का? होता. असू दे. १९८४ पासून मागणी संसदेत पडून होती, आणि दरवर्षी अर्जदार मरत होते. मॅकसुद्धा माफी ऐकायला उरले नाहीत.

भाच्याला विरोधी बाजू लढवायचीच असेल तर त्यानं हा कोर्टाचा मुद्दा घ्यावा. किंवा न्यूझीलंडचं उदाहरण घ्यावं: तिथेही चिन्यांवर १८८१ पासून असाच कर होता, २००२ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी माफी मागितली, पण माणशी पैसे न देता समाजासाठी ट्रस्ट काढला. यावर प्रामाणिकपणे वाद घालता येतो.

‘भारतीयांना काय मिळालं? आणि १९६२ विसरलात?’

भारतीयांसाठी १९०८ मध्ये नियम केला की मायदेशाहून न थांबता, सलग प्रवास करून या. आणि तशी बोटच नव्हती. १९१४ मध्ये कोमागाटा मारू या बोटीतून भारतातले ३७६ जण आले, त्यांपैकी २४ जणांनाच उतरू दिलं. त्याची संसदेत माफी मिळायला २०१६ साल लागलं. ब्रिटिश कोलंबियात चिन्यांचा आणि भारतीयांचा, दोघांचाही मताधिकार काढून घेतला होता आणि दोघांनाही तो परत मिळाला १९४७ मध्येच. म्हणजे आपण त्याच रांगेत उभे होतो. आपल्याला कमी मिळालं, तर आपलं मागा. त्यांचं काढून घेऊन आपल्या पदरात काय पडणार?

राहिलं १९६२. कर भरणारे इथे उतरले तेव्हा माओचं चीन जन्मालाही आलं नव्हतं. आणि १९६२ काढलंतच तर पुरतं काढू. त्या युद्धात भारत सरकारनं आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं होते. त्यांतली बरीच कुटुंबं आज टोरंटोत आहेत, त्यांची संघटना आहे, आणि भारत सरकारनं माफी मागावी अशी तिची मागणी आहे. कोलकात्याहून आलेल्या याच चिनी वंशाच्या हाक्का समाजाच्या हॉटेलांत आपली मंडळी दर शनिवारी चिली चिकन खायला जातात. दाजी, पुढच्या वेळी बिल देताना गल्ल्यावरच्या आजोबांना तो फॉरवर्ड हिंदीत वाचून दाखवा. त्यांना हिंदी छान येतं.