चिल्का : पाणी गुडघाभर, वळसा दिवसभर

नकाशात ओडिशातलं चिल्का सरोवर अंगठ्याएवढं दिसतं. मी अंगठा ठेवूनच बेत आखला होता. सकाळी सातपाड्याला डॉल्फिन, तिथून होडीनं कालीजाईचं देऊळ आणि दुपारी पलीकडच्या काठावर, बरकुलला मुक्काम. खोलीचे पैसेसुद्धा भरून टाकले होते.

"आणि आपली गाडी?" आत्यानं विचारलं.

"ती पुरीला परत. पाण्यात गाडी काय करायचीय, आत्या?"

सातपाड्याच्या धक्क्यावर मी नावाड्याला 'बरकुल' म्हटलं, तर तो हसला. त्यानं शेजारच्याला सांगितलं, तोही हसला. बातमी तिसऱ्याकडे जायच्या आत मी बोट दाखवून म्हटलं, "समोरच तर आहे!" समोर होतं ते कुठलंसं बेट. चिल्का लांबीलाच साठेक किलोमीटर आहे आणि पुरी, खोर्धा, गंजाम अशा 3 जिल्ह्यांत पाय पसरून बसलेलं आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. इथून जान्हिकुडा नावाच्या गावाला फेरीबोट जाते, तिच्यात गाडीही चढते, असं कुणीतरी समजुतीनं सांगितलं. गाडी मी दहा मिनिटांपूर्वीच पाठवून दिली होती.

"बरं, डॉल्फिन तरी बघू," आत्या म्हणाली.

इथला डॉल्फिन इरावदी जातीचा. डोकं वाटोळं, चोच नाही, आणि टीव्हीतल्यासारख्या उड्या मारायची त्याला मुळीच हौस नाही. एक काळसर पाठ वर आली, फुस्स झालं, संपलं. मी मोबाइल काढेपर्यंत नुसतं पाणी. "म्हैस डुंबतेय असं वाटलं," आत्या म्हणाली. एकूण तीन पाठी दिसल्या. एकाच डॉल्फिनच्या होत्या की तिघांच्या, यावर आमचं अजून एकमत नाही.

परतताना होडी गचकन थांबली. पंख्यात गवत अडकलं होतं. चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी. मी लाइफ जॅकेटचे बंद आवळले आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. डोळे उघडले तर नावाडी खाली उतरून होडी ढकलत होता आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. रामरक्षा अर्ध्यावर सोडू नये म्हणून मी पुटपुटत राहिलो.

"इथं बुडायचं तर आडवं पडावं लागेल रे," आत्या म्हणाली.

मधे एका वाळूच्या पट्ट्यावर उतरवलं, तिथं एकजण शिंपले फोडून मोती काढून दाखवत होता. तीन शिंपले, तीन मोती. मी पाकिटाला हात घातलाच होता. आत्यानं चश्मा वर करून एक मोती निरखला. "याला ओवायचं भोक शिंपल्यानंच पाडलं का?"

खरं तर दोष नकाशाचाही आहे. गाळानं समुद्राकडची वाट बुजायला लागली, म्हणून 2000 साली सातपाड्याजवळ नवं मुख खणलं. नलबन नावाचं पक्ष्यांचं बेट तर पावसाळ्यात पाण्याखालीच जातं. अशा सरोवराचा भरवसा धरून आगाऊ पैसे कोण भरतं? तर मी.

शेवटी दुसरी गाडी ठरवली, दामदुप्पट मोजून. पुरी, खोर्धा, बालुगाव असा उलटा वळसा घालत बरकुलला पोचलो तेव्हा जेवणघर बंद होत होतं. आत्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फक्त बिस्किटाचा पुडा पुढे केला, त्यातली दोन काढून घेतल्यावर.

सकाळी तिथूनच होडीनं कालीजाईला गेलो. नावाड्यानं देवीची कथा सांगितली. जाई नावाची नवी नवरी, बापाबरोबर होडीतून सासरी निघालेली. वादळ आलं, होडी उलटली आणि पोर चिल्क्यात गेली. तीच पुढे देवी झाली.

आत्यानं हात जोडले. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रस्त्यानं न्यायचं होतं रे पोरीला. लांब पडलं असतं, तर पडलं असतं."